शिरणें व परतणें

साताऱ्याजवळ लिंब गांवीं इ. स. १७१९ ते १७२४ या काळांत बांधलेली बारामोटेची विहीर आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. विहिरींत सूर मारणारा मुलगा कितीही खोल गेला, तरी त्याच्या माथ्यावर आकाश असतें. जीव घाबरा झाला, कीं हातपाय मारून वर यावें, इतकें त्याला पुरतें. परंतु ज्या पाण्यावर आकाशाच्या जागीं खडक आहे, तेथें उतरणाऱ्यानें काय करावें? पाण्यानें भरलेल्या गुहांत हौसेनें व शोधासाठीं शिरणारे पाणबुडे जगांत आहेत. त्यांच्या विद्येशीं आमच्या कृष्णाकांठचाही एक धागा जुळला आहे, म्हणून तिचा थोडा परिचय येथें करून देतों.

पाण्यांत दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाठीवरील नळकांड्यांतील हवा त्या दाबाखालीं श्वासावाटे घेतली, म्हणजे तिच्यांतील नत्रवायु रक्तांत विरघळतो. पाणबुड्या घाईनें वर आला, तर सोड्याच्या बाटलींत उठतात तसे बुडबुडे त्याच्या शरीरांत उठतात. सांधे दुखतात, अंग लुळें पडतें, प्रसंगीं प्राणही जातो. म्हणून खोल गेलेल्यास थांबत थांबत वर यावें लागतें. गुहेंत तर सरळ वर येण्याचा मार्गच नसतो. शिवाय तळचा गाळ उठला, कीं हातांतील दिवाही व्यर्थ होतो. यास्तव हे लोक दारापासून एक अखंड दोरी नेतात, दिवे तीन ठेवतात, आणि हवेचे तीन भाग करतात: एक जाण्यास, एक परतण्यास, व एक संकटासाठीं. सोबत्याची हवा संपली, तर दोघांनाही बाहेर पडतां यावें, हा त्यांतील हेतु. पहिला भाग संपला, कीं पुढें कितीही रम्य दालन दिसो, मागें वळलेंच पाहिजे. अभिमन्यूला चक्रव्यूहांत शिरणें ठाऊक होतें, बाहेर पडणें ठाऊक नव्हतें. या विद्येचा आरंभच बाहेर पडण्यापासून होतो.

तिची मोठी कसोटी इ. स. २०१८ मध्यें थायलंडांतील थाम लुआंग गुहेंत लागली. २३ जून रोजीं फुटबॉल खेळणारीं बारा मुलें व त्यांचा शिक्षक आंत गेले असतां पावसाच्या पाण्यानें वाट बुजली. २ जुलै रोजीं रिक स्टॅन्टन व जॉन व्होलान्थेन या ब्रिटिश पाणबुड्यांनीं त्यांस शोधून काढलें. ६ जुलै रोजीं हवेचीं नळकांडीं आंत ठेवून परततांना समन कुनान हा थायी आरमाराचा माजी जवान मृत्यु पावला. अखेर ८ ते १० जुलै या तीन दिवसांत डॉ. रिचर्ड हॅरिस यांनीं भूल दिलेल्या मुलांना पाणबुड्यांनीं एकेक करून बाहेर आणिलें.

पाणबुड्यांइतकाच आधार पंपांचाही होता. भारतीय वकिलातीच्या शिफारशीवरून किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ पाणी उपसण्याच्या कामीं सल्ला देण्यास तेथें गेले. त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे अभियंतेही होते. विमानानें धाडण्यासाठीं चार मोठे पंप वाडींत सज्ज ठेविले होते. १९१० सालीं औंध संस्थानांत वसलेली ही वाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे, औंध साताऱ्यांत. मोटेच्या मुलुखांतील हें ज्ञान दूर देशीं उपयोगी पडलें, याचा आम्हांस अभिमान वाटतो. उपशामुळें गुहेच्या दाराकडील बरीच वाट पायीं चालण्याजोगी झाली. पंपांचें मोल शेवटच्या दिवशीं तर फारच स्पष्ट दिसलें: सर्व मुलें बाहेर आल्यावर थोड्याच वेळांत मुख्य पंप बंद पडला, पाणी झपाट्यानें चढूं लागलें, आणि आंत उरलेल्या मदतनिसांस धांवत बाहेर यावें लागलें.

आमचें आयुष्य शाळेंत गेलें. पुढें धांवणाऱ्या मुलाला शाबासकी मिळते, वेळींच मागें वळणाऱ्याला सहसा मिळत नाहीं, असें आम्हीं नेहमीं पाहिलें. सुटींत घरोघरचीं मुलें विहिरीवर व घाटावर जमतात, पैजा लागतात, आणि दरसाल कोठें तरी एखादें घर अंधारतें. वडील मंडळींनीं पोहणें बंद करूं नये; तें अवश्य शिकवावें. मात्र एकट्यानें उतरूं नये, कांठावर एक जाणता माणूस असावा, पुराच्या पाण्यांत पैज लावूं नये, हे नियम घालून द्यावे. आणि दम संपण्याआधीं जो मुलगा कांठाला परतला, त्याला कोणी भित्रा म्हणूं लागलें, तर घरांतील वडिलांनींच त्याची बाजू घ्यावी.