गायतोंड्यांचे शाईचे कागद

मध्य प्रदेशातल्या आम्हा मोहगावकरांचं मोठं शहर नागपूर. दवाखाना, कॉलेज, संत्र्याचा बाजार, सगळ्यासाठी पाय तिकडंच वळतात. चित्रकार वासुदेव गायतोंडे २ नोव्हेंबर १९२४ रोजी त्याच नागपुरात जन्मले, हे मला फार उशिरा कळलं. कुटुंब मूळ गोव्याचं. लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं, १९४८ साली जे. जे.ची पदविका मिळाली. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, १९७१ मध्ये पद्मश्री, पुढं मुक्काम दिल्लीत.

या सगळ्यात माझं मन अडकतं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर.

१९८४ साली दिल्लीत त्यांना अपघात झाला. मोठा कॅनव्हास शरीराला झेपेना. एरवीही ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. रोलरनं रंग पसरायचा, सुरीनं खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा आणि मधे दिवसचे दिवस नुसतं बसून राहायचं. ते सारं थांबलं. हाती उरले कागद आणि शाई.

त्या कागदांवर काळे फटकारे आहेत, लिपीसारखे. आमच्या भागातल्या जुन्या घरांत भोसल्यांच्या अमदानीतले मोडी कागद ट्रंकेत सापडतात. गायतोंड्यांच्या शाईची छापील चित्रं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तेच आठवले. पण मोडी कुणीतरी जाणकार वाचतो. शेताची हद्द, देणंघेणं त्यातून निघतं. इथं वाचण्यासारखं काहीच लिहिलेलं नाही. आपल्या कामाला ते ‘अमूर्त’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. तो शब्द मला या कागदांपाशी उमगला.

अपघातानंतरची तडजोड म्हणून या कामाकडं बघणं मला पटत नाही. कॅनव्हासवर चुकलेला थर खरवडता येतो. शाई कागदानं एकदा प्याली की परत देत नाही. म्हणजे पूर्वी चित्र करता करता चालणारं थांबणं आता कुंचला टेकवण्याआधीच उरकावं लागलं. साठीतल्या, दुखऱ्या शरीराच्या माणसानं हे केलं.

आमच्या मध्य प्रदेशानं त्यांना १९८९-९०चा कालिदास सन्मान दिला. नव्वदच्या दशकात ते पुन्हा कॅनव्हासवरही काम करत होते. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या कामाचं सिंहावलोकन मांडलं गेलं. त्यातल्या ४५ कलाकृतींत कॅनव्हासांच्या सोबतीनं कागदांवरचं कामही होतं.