मार्कशीट हरवली? कोल्हापूरची एसटी धरण्याआधी मोबाईल बघा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर भांडी, गाद्या कशाबशा परत घेता आल्या. लोखंडी पेटीत जपून ठेवलेल्या मार्कशीटचा मात्र लगदा झाला होता. २०२१ ला पाटण, कराड, सांगली भागात पुन्हा तेच. पूर सोडा, घर बदलताना, लग्नानंतर, झेरॉक्सच्या दुकानात विसरूनही कागद जातात. आणि नेमके भरतीच्या किंवा ॲडमिशनच्या वेळी लागतात.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दहावी-बारावीसाठी कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. साताऱ्याहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या घरात. जत किंवा दहिवडीच्या माणसाचा तर अख्खा दिवस जातो, रोजंदारी बुडते ती वेगळीच. मंडळाच्या फीपेक्षा हे हेलपाटे, बाँड आणि एजंटचे पैसे जास्त होतात. खरी बचत तिथेच आहे.

आता डिजिलॉकर. केंद्र सरकारची ही सेवा २०१५ पासून सुरू आहे आणि मोफत आहे. आधारला जोडलेल्या मोबाईल नंबरवर ओटीपी येतो. आत महाराष्ट्र राज्य मंडळ निवडून परीक्षेचे वर्ष आणि बैठक क्रमांक टाकला की मार्कशीट मिळते. बैठक क्रमांक आठवत नसेल तर शाळेत जा, निकालाच्या जुन्या याद्या तिथे असतात. २०१७ च्या नियमदुरुस्तीनुसार डिजिलॉकरमध्ये मंडळाकडून आलेली प्रत मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते. पण एक लक्षात ठेवा, आपण स्वतः फोटो काढून टाकलेल्या कागदाला हा दर्जा नाही. २०१८ च्या केरळ पुरानंतर सीबीएसईने तिथल्या विद्यार्थ्यांना याच पद्धतीने कागद दिले होते. फार जुन्या वर्षांची मार्कशीट ऑनलाइन मिळाली नाही, तर मात्र मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा लागतो.

आपल्याकडे गाडी अडते ती नावावर. मार्कशीटवर 'शेख', आधारवर स्पेलिंग वेगळं. कुठे 'मोहम्मद' पूर्ण, कुठे नुसतं 'मो.'. मुलींचं लग्नानंतर आधारवर सासरचं नाव येतं, मार्कशीटवर माहेरचं राहतं. नावं जुळली नाहीत की डिजिलॉकर प्रत देत नाही, आणि लोक म्हणतात 'ऑनलाइन काही होत नाही.' म्हणून गरज पडायच्या आधीच, दहावीचा फॉर्म भरतानाच, मुलाचं आधार आणि शाळेतलं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा.

बाँडबद्दल. ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा बाँड बंद होऊन ५०० चा झाला. पण सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरीही कचेरीबाहेर पहिला प्रश्न 'बाँड आणलाय का?' हाच असतो. आधी खिडकीवर विचारा, मग पैसे काढा.

शाळा सोडल्याचा दाखला हे वेगळंच प्रकरण. तो मंडळ देत नाही, शाळा देते. जुने दाखले डिजिलॉकरमध्ये सापडणार नाहीत. तांबोळी, बागवान, अत्तार, मणियार, मुलाणी अशा ओबीसी घरांसाठी तर हा कागद मार्कशीटपेक्षा मोलाचा. जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुतेक वेळा दादांच्या किंवा अब्बांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच असतो. त्यातही जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं निघालं की पुढे वडिलांच्या भावंडांचे, चुलत घराण्याचे उतारे शोधत फिरावं लागतं.

हे रजिस्टर एकच असतं, आणि पूर त्यालाही सोडत नाही. जिल्हा परिषदेची शाळा बंद झाली असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करा. सांगली-मिरजेतली महापालिकेची शाळा असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात. उतारा मिळाला की सही-शिक्क्याच्या दोन प्रती घ्या. एक घरी ठेवा, दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडे. नदीकाठच्या घरांनी तर हे या पावसाळ्याआधीच करावं.