खिळा, पू आणि उस्मानाबादी शेळी

हाडात बसविलेल्या धातूभोवती पू का धरतो, आणि एकदा धरला म्हणजे औषधांचा मारा करूनही तो का हटत नाही, या विद्येचा सारा डोलारा मुक्या जनावरांच्या जिवावर उभा आहे. 1941 साली शेमन यांनी सशाच्या नडगीत जंतूंबरोबर सोडियम मॉर्हुएट हे रक्तवाहिन्या बुजविणारे द्रव्य घालून अस्थिशोथ घडविला व 1970 साली नॉर्डन यांनी ती रीत रूढ केली. हा भाग पाठ्यपुस्तकांतून सर्वांना विदित असल्याने त्यावर शाई खर्चण्याचे प्रयोजन नाही. परक्या वस्तूचा खरा प्रताप दिसला तो 1982 साली, जेव्हा स्वित्झर्लंडात झिमर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या कातडीखाली पोकळ नळी ठेवून दाखविले की, एरवी दहा कोटी जंतूंनाही दाद न देणारे ऊतक त्या नळीच्या संगतीत अवघ्या 100 जंतूंनी नासते.

2010 पासून मात्र चकाकणारे जंतू टोचलेल्या उंदरांचा अंमल सुरू झाला. जिवंत उंदराच्या गुडघ्यातील जंतूंची वाढ प्रकाशावरून रोज मोजता येते, हा लाभ मी नाकारीत नाही. पण ज्याच्या हाडात माणसासारखी हॅवर्स नलिकांची (रक्तवाहिन्या वाहणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची) रचना नाही, ज्याच्या पायावर भार म्हणावा असा भार नाही, त्याच्या टाचणीएवढ्या तारेवरून माणसाच्या मांडीतील सळईचे भाकीत करणारे आमचे काही विद्वान मित्र शेळी-मेंढीवरील प्रयोगांना ‘जुनाट’ म्हणतात, तेव्हा त्यांनी गोठ्यात कधी पाऊल टाकले आहे काय, अशी शंका येते.

बालाघाटाच्या कडेला, आमच्या राणीसावरगावात, उस्मानाबादी शेळीचा मोडलेला पाय बांबूच्या कामट्यांनी बांधताना पाहतच मी वाढलो. पुढे पशुवैद्य झाल्यावर मोडलेले हाड सांधण्यासाठी आत घातलेल्या आणि पिकलेल्या स्टाइनमन पिना किती पाहिल्या! क्ष-किरणात पिनेभोवती काळी कडा उमटलेली असते. चिमटीत धरून पीळ दिला की एरवी हाडात घट्ट रुतून बसणारी पिन सैल फिरते, आणि बाहेर येते ती बुळबुळीत पातळ थर घेऊन. जंतूंचे ठाणे त्या थरात असते व औषध तेथवर धडपणे पोहोचत नाही, हे शेळी चालत्या पायाने, भारासकट, महिनोन्‌महिने दाखविते.

मोठ्या जनावरांवरील प्रयोगांस केंद्रीय समितीची मंजुरी लागते, म्हणून प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यावर व प्राण्यांवरील प्रयोगांबाबतच्या 1998 च्या नियमांवर खापर फोडण्याची चाल पडली आहे. ती मला मान्य नाही, मंजुरी हवीच. खरी अडचण अशी की, मेंढीचे हाड भरून यायला महिने लागतात आणि प्रबंधाची घाई झालेल्यांना तेवढा दम नसतो.

शिवाय एक तजवीज विनामंजुरी, विनाखर्च हाताशी आहे. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, तालुक्याच्या दवाखान्यांत, अपघाताने पाय मोडलेली कुत्री-शेरडे येतात. त्यांतील काहींच्या पिना पिकतात. प्रयोगासाठी जखम न करता मिळालेले हेच अस्सल प्रतिमान होय. तेव्हा तरुण पशुवैद्यांना माझी विनंती एवढीच : पिकलेली पिन काढताना ती फेकू नका, तिच्यावरचा थर जंतुपरीक्षेस पाठवा, क्ष-किरणाची फिल्म जपा, आणि जनावराचे वय, वजन, पिनेची जाडी व दिलेले औषध दफ्तरी नोंदवा.