दुकानात केफीर नव्हते

2009 साली मी मॉस्कोजवळच्या एका गावी, एका प्रयोगशाळेत काही महिने काम करीत होतो. माझा विषय घन पदार्थांचे भौतिकशास्त्र. रशियन भाषा कामचलाऊ येत होती. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून केफीर आणायचे, असा माझा क्रम होता. केफीर म्हणजे आंबवलेले दूध. आपले दही आणि ताक यांच्या मधले काहीतरी. एके दिवशी दुकानातल्या बाईंनी मान हलवून सांगितले, "केफीरा न्येत." 'न्येत' म्हणजे 'नाही' हे मला ठाऊक होते. पण मी 'केफीर' मागितले होते, 'केफीरा' नव्हे! मग लक्ष ठेवू लागलो. पाव असला की 'ख्ल्येब', नसला की 'ख्ल्येबा न्येत'. चीज असले की 'सिर', नसले की 'सिरा न्येत'. वस्तू असेल तर तिचे नाव जसेच्या तसे, आणि नसेल तर नावाच्या शेवटी काहीतरी बदल.

प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला विचारले. तो म्हणाला, ती षष्ठी विभक्ती. म्हणजे 'केफीर नाही' असे न म्हणता 'केफीरचे नाही' असे म्हणायचे. मला हसू आले, आणि मनात साठलेली दुसरी तक्रारही मी त्याच वेळी काढली. 'कोणीही कोणाला काहीही सांगितले नाही' हे रशियनमध्ये 'निक्तो निचिवो निकोमू न्ये स्काझाल' असे होते. यात 'नि', 'नि', 'नि' आणि 'न्ये' असे चार नकार आहेत. ऋण गुणिले ऋण म्हणजे धन; चार ऋणांचे उत्तर धन यायला हवे. मग याचा अर्थ 'सांगितले' असा का होत नाही? भाषेत काही तर्क आहे की नाही?

तो शांतपणे म्हणाला, "तू गुणाकार का करतोस?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शोधताना एका अशा संशोधनक्षेत्राची ओळख झाली, की ज्यात गृहीतक, कसोटी, अपवाद आणि फेरविचार हे सारे आपल्या प्रयोगशाळेतल्यासारखेच चालते. फक्त उपकरण म्हणून तिथे असते एक वाक्य.

गुणाकार नव्हे, मेळ

आधी चार नकारांचा प्रश्न निकालात काढू. 'चांगली मुलगी आली' या वाक्यात स्त्रीलिंग किती वेळा दाखवले आहे? विशेषणात एकदा, नामात एकदा, क्रियापदात एकदा. म्हणून मुली तीन आल्या असे कोणी समजत नाही. स्त्रीलिंग एकच आहे, त्याची खूण तीन जागी उमटली आहे. यालाच आपण वर्गात लिंग-वचनाचा मेळ म्हणतो. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन अशा स्लाव्ह भाषांत नकाराचा असाच मेळ असतो. वाक्यातला नकार एकच. क्रियापदाजवळचा 'न्ये' तो व्यक्त करतो आणि 'निक्तो', 'निचिवो' हे शब्द त्याच्याशी जुळवून घेतात.

मराठीत आपण थोडे निराळे करतो. 'कोणीही काहीही बोलले नाही' या वाक्यातला 'कोणीही' स्वतः नकारार्थी नाही. 'कोणीही येऊ शकते' असे आपण सहज म्हणतो. रशियनमधला 'निक्तो' असा होकारार्थी वाक्यात वापरता येत नाही.

याच भाषांत खरा दुहेरी नकारही आहे. 'या न्ये मोगू न्ये स्काझात' म्हणजे 'मी न सांगणे शक्य नाही', अर्थात 'सांगितल्याशिवाय राहवत नाही'. इथे दोन 'न्ये' दोन वेगवेगळ्या क्रियापदांना लागले आहेत आणि ते एकमेकांना छेदतात. म्हणजे रशियन माणसाला ऋण-ऋणाचे गणित कळत नाही असे मुळीच नाही. कुठे मेळ आणि कुठे छेद, हे वाक्याच्या रचनेवर ठरते. ही रचना स्थिरही नाही. जुन्या चर्च स्लाव्होनिक भाषेच्या ग्रंथांत नकारवाचक शब्द क्रियापदाच्या आधी आला, तर क्रियापदाजवळचा नकार गाळलेलाही आढळतो. आज रशियनमध्ये तो गाळता येत नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. 'आय डोन्ट नो नथिंग' असे विद्यार्थ्याने लिहिले, की आपण लाल शाईने खोडतो आणि दोन नकारांचा होकार होतो असे कारण देतो. खोडावे जरूर, कारण आजच्या प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. पण कारण तर्काचे देऊ नये. चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर असे नकार सर्रास वापरीत असे.

षष्ठीचे कोडे

आता माझ्या 'केफीरा'कडे वळू. नकारार्थी वाक्यात नामाला षष्ठी लागते, हा नियम स्लाव्ह कुळात सर्वत्र सारखा नाही. पोलिशमध्ये तो सक्तीचा आहे. 'मी पुस्तक वाचतो' म्हणजे 'चितम क्शोंश्के', पण 'मी पुस्तक वाचत नाही' म्हणजे 'न्ये चितम क्शोंश्की'. इथे कर्माची द्वितीया जाऊन षष्ठी आली. चेकमध्ये ही षष्ठी काही ठरावीक वाक्प्रयोगांपुरतीच उरली आहे. रशियन मात्र मधेच अडकली आहे. पुष्कळ वाक्यांत दोन्ही रूपे चालतात आणि 19व्या शतकाच्या मानाने आज कर्माची द्वितीया वाढली आहे. पाणी आणि बर्फ एकत्र नांदतात त्या तापमानाला भौतिकशास्त्रज्ञ जसा खूश होतो, तसा भाषाशास्त्रज्ञ इथे खूश होतो. दोन रूपे शक्य असतील, तर त्यांपैकी एक कशाने निवडले जाते, हे तपासता येते.

एक जोडी पाहा. 'पीस्मा न्ये प्रिश्ली' म्हणजे पत्रे आली नाहीत. 'पीसेम न्ये प्रिश्लो' म्हणजेही पत्रे आली नाहीत. पहिल्यात 'पत्रे' प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याप्रमाणे अनेकवचनी आहे. दुसऱ्यात 'पत्रे' षष्ठीत गेले आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी झाले. आपल्या भावे प्रयोगात क्रियापद कर्त्याशी आणि कर्माशी नाते तोडून नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसते, तसेच काहीसे. अर्थातही फरक आहे. पहिले वाक्य ठरावीक, अपेक्षित पत्रांविषयी आहे: ती पत्रे आली नाहीत. दुसरे म्हणते, पत्र असे काही आलेच नाही.

या फरकामागे काय आहे? रोमान याकोबसन यांनी 1936 साली विभक्तींवरील एका गाजलेल्या लेखात असे मांडले, की षष्ठी ही वस्तूचा घटनेतला सहभाग मर्यादित असल्याची खूण आहे. नकारात तो सहभाग शून्यावर येतो. कल्पना सुंदर, पण हिने कुठल्या वाक्यात काय येईल हे आधी सांगता येत नाही. 1980 साली लेनर्ड बॅबी यांनी अस्तित्ववाचक वाक्ये आणि नकार यांवर पुस्तक लिहून कसोटीला लावता येईल असे गृहीतक दिले. प्रत्येक विधानात एक जुना भाग असतो, म्हणजे ज्याविषयी आपण बोलत आहोत तो. आणि एक नवा भाग असतो, म्हणजे त्याविषयी जे सांगायचे तो. नकाराची पोच नव्या भागापुरती. नाम नव्या भागात असेल तर त्याला षष्ठी लागेल, जुन्या भागात असेल तर ते प्रथमेत राहील. पत्रांच्या जोडीला हे चपखल बसते.

गणिताची विद्यार्थिनी

या टप्प्यावर बार्बरा पार्टी या अमेरिकन विदुषी गोष्टीत येतात. त्यांचा जन्म 1940 चा. महाविद्यालयात मुख्य विषय गणित, जोडीला रशियन आणि तत्त्वज्ञान. 1961 साली एमआयटीमध्ये भाषाविज्ञानाचा पीएच.डी. अभ्यासक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. नोम चॉम्स्की त्यांचे मार्गदर्शक. 1965 मध्ये पदवी घेऊन त्या लॉस एंजेलिसला शिकवू लागल्या. तिथेच रिचर्ड मॉन्टेग्यू हे तर्कशास्त्रज्ञ होते. तर्कशास्त्राच्या कृत्रिम भाषांना जे गणित लावतात, तेच माणसाच्या भाषेलाही लावता येते असा त्यांचा आग्रह होता. चॉम्स्कींचा वाक्यविचार आणि मॉन्टेग्यूंचा अर्थविचार यांची सांगड 1970 च्या दशकात पार्टींनी घातली, आणि त्यातून अर्थविज्ञानाची एक नवी शाखा उभी राहिली. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते.

पण पन्नाशी उलटल्यावर त्या रशियनकडे परतल्या. त्यांचे पती व्लादिमिर बोर्श्चेव्ह हे मॉस्कोचे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पार्टी वर्षातला काही काळ मॉस्कोत राहून शिकवू लागल्या आणि दोघांनी मिळून षष्ठीचे कोडे हाती घेतले. मला या निर्णयाचे कौतुक वाटते. ज्या क्षेत्रात आपण अधिकारी मानले जातो ते सोडून, परक्या भाषेतला असा प्रश्न घ्यायचा, की ज्यात दुकानातल्या बाईंचे कान आपल्यापेक्षा अधिक जाणते असतात!

सुरुवातीला दोघांनी बॅबींचे गृहीतक स्वीकारले. मग एक साधे संभाषण त्यांच्या आड आले. 'मी केफीर शोधत होतो. केफीर दुकानात नव्हते.' रशियनमध्ये दुसरे वाक्य असे: 'केफीरा व मागाझिन्ये न्ये बिलो.' आता पाहा. केफीरचा उल्लेख आधीच्या वाक्यात झाला आहे. दुसरे वाक्य केफीरविषयीच आहे; ते वाक्याच्या आरंभीही आले आहे. कुठल्याही बाजूने पाहिले तरी ते जुन्या भागातच मोडते. गृहीतकानुसार प्रथमा हवी. पण प्रथमा घातली तर रशियन माणूस नाक मुरडतो. तिथे षष्ठीच लागते. त्या एका वाक्याने गृहीतक अडवले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या लेखात दोघांनी आपले आधीचे मत सोडले आणि निराळे स्पष्टीकरण दिले.

ते कॅमेऱ्याच्या उपमेने समजते, आणि ही उपमा त्यांचीच आहे. दुकानात राखणीसाठी बसवलेला कॅमेरा एका जागी रोखलेला असतो. त्याच्या चौकटीत काय आहे आणि काय नाही, एवढेच तो सांगतो. चित्रपटाचा कॅमेरा मात्र नायकाच्या मागे फिरतो. वाक्यही या दोन रीतींनी बोलते. कॅमेरा जागेवर रोखलेला असेल आणि चौकटीत वस्तू नसेल, तर षष्ठी. कॅमेरा वस्तूच्या मागे असेल, तर प्रथमा. केफीर शोधणारा माणूस दुकानातल्या फळीकडे पाहतो आहे; फळी हे केंद्र, आणि तिथे केफीर नाही. केफीर बोलण्याचा विषय असले म्हणून कॅमेरा त्याच्या मागे जात नाही.

आणखी एक जोडी या संशोधनात नेहमी भेटते. 'ओत्येत्स न्ये बिल ना मोर्ये', प्रथमेत: वडील समुद्रावर गेलेले नाहीत. कॅमेरा वडिलांच्या मागे आहे, आणि त्यांच्या हिंडण्याफिरण्यात समुद्र आला नाही. 'ओत्सा ना मोर्ये न्ये बिलो', षष्ठीत: समुद्रावर वडील नव्हते. कॅमेरा किनाऱ्यावर आहे. वडील जगात आहेतच, त्यांचे अस्तित्व कोणी नाकारलेले नाही. नाकारले आहे ते त्या जागेपुरते अस्तित्व. अशा उदाहरणांचा बारीक अभ्यास एलेना पादुचेवा (1935-2019) यांनी केला. त्यांनी आणि बोर्श्चेव्ह यांनी ज्या मॉस्कोच्या संस्थेत काम केले, ती 1952 साली वैज्ञानिक व तांत्रिक माहितीचे संकलन करण्यासाठी स्थापन झालेली. भाषेचा प्रश्न तिथे विज्ञानाच्याच छपराखाली होता.

कोडे पुरते सुटले असे मात्र नाही. 'बसची वाट पाहणे' याला रशियनमध्ये नकार नसतानाही दोन विभक्ती चालतात: कुठलीही बस आली तरी चालेल तेव्हा षष्ठी, ठरलेली बस हवी तेव्हा द्वितीया. (मराठीतही 'बसची' म्हणतो, पण ती षष्ठी 'वाट' या नामामुळे आली आहे, फसू नये.) यावरून पार्टी, बोर्श्चेव्ह, पादुचेवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला, की षष्ठीतले नाम विशिष्ट वस्तू दाखवत नाही, तर नुसते वर्णन देते, 'बस असेल असे काहीतरी'. पण मग 'माशी न्ये विद्नो' याचे काय करायचे? इथे माशीचा काही संबंध नाही. 'माशा' या मुलीच्या नावाची ती षष्ठी आहे. अर्थ 'माशा कुठे दिसत नाही'. माशा ही तर एक ठरावीक, नावाची मुलगी! ती 'वर्णन' कशी होणार? यावर उत्तरे सुचवली गेली आहेत, पण सर्वांना मान्य असे एकही नाही.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. त्याला काही खर्च नाही. फळ्यावर 'सगळी मुले आली नाहीत' असे लिहा आणि प्रत्येकाला एकमेकांशी न बोलता कागदावर उत्तर लिहायला सांगा: एकही मूल आले नाही, की काही आली आणि काही नाहीत? कागद गोळा करून मोजा. मग 'सगळीच मुले आली नाहीत' आणि 'मुले सगळी आली नाहीत' ही वाक्ये घ्या आणि पुन्हा मोजा. शक्य असेल तर 'सगळी' या शब्दावर जोर देऊन आणि न देता, असे दोनदा वाचून दाखवा. आकडे बदलले तर कशामुळे, याचे गृहीतक मुलांनाच मांडू द्या, आणि ते मोडेल असे एखादे वाक्य शोधून आणायला सांगा.