कुदळीविना गुप्तधन

गुप्तधन म्हटले की आपल्याकडे कुदळ, अमावास्या आणि मांत्रिक आलेच. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही त्याचा उल्लेख करावा लागला. ‘जिओकॅशिंग’ या खेळात मात्र खणायलाच बंदी!

मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रह-संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच, ३ मे रोजी, ओरेगॉनात डेव्ह अल्मर यांनी एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तके, गलोल नि चक्क घेवड्याचा डबा! काही घ्याल तर तितक्याच मोलाचे ठेवा आणि वहीत नाव लिहा, एवढाच नियम. आता यंत्राचे काम खिशातला फोन करतो.

नाशिककरांनी हा खेळ जरूर मांडावा. पण पांडवलेण्यांत डबा नको, ती संरक्षित वास्तू. तिथे कोडे ठेवावे: लेणी किती? २४. या आकड्यातून डब्याचे ठिकाण निघावे. मोजता मोजता मुले तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखापाशी येतील. मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम तिथे आईच्या नावाने कोरला आहे. आपल्या पर्यटकांनाही भिंतीवर नाव कोरण्याची भारी हौस. ती बापडी वहीत फिटेल.

डबा दूर एखाद्या बांधावर, मालकाला विचारून ठेवावा. झाकण मात्र घट्ट हवे, नाहीतर आषाढात वहीचा लगदा!