मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान उत्तरेकडे का वळतं?

ताई न्यूयॉर्कला निघाली तेव्हा पेणकरपाड्यातल्या घरी आम्ही फ्लाइट ट्रॅकर उघडून बसलो होतो. विमान सरळ पश्चिमेला जायचं सोडून उत्तरेकडे वळलेलं बघून आई घाबरली, "अरे, हे भलतीकडेच चाललंय!"

विमान बरोबर होतं, फसवत होता तो नकाशा. गोल पृथ्वी सपाट स्क्रीनवर पसरली की उत्तरेकडचा भाग ताणला जातो. मग सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात लांबची ठरते. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो आइसलँडजवळून जातो. हे अंतर सुमारे १२,५०० किमी भरतं.

आता वेळ. ताशी ९०० किमीने १४ तास पुरायला हवेत, पण थेट विमानालाही जाताना साधारण १६ लागतात. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीम वारे समोरून येतात, शिवाय बंद हवाई हद्दींना वळसा पडतो. येताना तेच वारे मागून ढकलतात, म्हणून वेळ वाचतो.

तिकिटावरच्या वेळा मात्र थेट वजा करू नका, त्या स्थानिक असतात. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. रात्री १ ला निघालेली ताई त्याच तारखेला सकाळी साडेसातला उतरली, पण प्रवास सोळा तासांचाच झाला!