मार्काचा सातवा अध्याय

रविवारी संध्याकाळी धायरीतल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर गृहसभा भरते. चपला जिन्यात, हॉलभर सतरंज्या, टीव्हीवर टाकलेला टॉवेल आणि खिडकीपाशी एकच प्लॅस्टिकची खुर्ची. ती माझ्या आईची. आई ब्याऐंशी वर्षांची, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली. गेल्या महिन्यात तरुण संघातला एक मुलगा मोबाइलवर गीताचे शब्द शोधत होता. त्याला ते सापडायच्या आत आईने गीत उचललं. मोबाइलवर दोनच कडवी निघाली, आई पाचव्यापर्यंत गेली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "बाळा, ही अभंगाची चाल आहे, सिनेमाची नाही. सावकाश घे."

धायरी 2017 साली पुणे महापालिकेत आली. धारेश्वराचं देऊळ जुनं, बाकी बहुतेक सगळं काल-परवाचं: फाट्यावरची गर्दी, नऱ्ह्याच्या बाजूची वर्कशॉपं, मळ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि त्यात उभ्या राहिलेल्या इमारती. आमच्या सभेत नगरचे आहेत, जालन्याचे आहेत, सोलापूरचेही आहेत. पंचहौदाचं पवित्र नाम देवालय तिकडे गुरुवार पेठेत, बाकीची पुष्कळशी जुनी ख्रिस्ती देवळं कॅम्पात. दर रविवारी म्हाताऱ्या माणसाला सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून तिथवर नेणं होत नाही. म्हणून ही घरातली सभा. आणि यातल्या बऱ्याच घरांत गावाहून उचलून आणलेलं एक म्हातारं माणूस आहे. त्याला गावातलं घर, ओटा, पिंपळ, सगळं पाठ आहे, पण लिफ्टचं बटण कोणतं ते आठवत नाही.

पवित्र शास्त्र या माणसांबद्दल काय सांगतं? दहा आज्ञांतली आईबापांना मान देण्याची आज्ञा बहुतेक प्रॉटेस्टंट पाचवी मोजतात, कॅथलिक चौथी. शब्बाथशाळेत ती आम्ही घोकली तेव्हा तिचा अर्थ 'आईचं ऐका, दूध प्या' एवढाच होता. पण मूळ श्रोते लहान मुलं नव्हेत. सीनाय डोंगरापाशी उभे होते ते प्रपंचवाले लोक, आणि त्यांचे आईबाप थकलेले होते. शिवाय मान देणं यासाठी जो हिब्रू शब्द आहे त्याच्या मुळाशी 'जड असणं' आहे. मराठीत आपण एखाद्याच्या शब्दाला वजन देतो, तेच हे. पाया पडून कामावर निघून जाणाऱ्याने मान दिला असं या शब्दाच्या हिशेबात बसत नाही. लेवीय पुस्तक तर पिकल्या केसांसमोर उठून उभं राहायला सांगतं. पीएमपीच्या बसमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव आसनांची पाटी असते, तिच्याखाली मान खाली घालून मोबाइल बघणाऱ्यांत आमच्या मंडळीचेही असतात.

येशूने या विषयावर सगळ्यात कडक शब्द काढले ते मार्काच्या सातव्या अध्यायात. त्या काळी एक पळवाट होती. मुलाने आपली मिळकत 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण म्हणून जाहीर केली की आईबापांना पोसण्याची जबाबदारी टळे. वरून पुन्हा धार्मिक म्हणून नाव. येशूने ही पळवाट काढणाऱ्यांना दांभिक म्हटलं. देवाच्या नावाने आईबापांचा घास काढून घेणं त्याला सोसलं नाही. स्वतः वधस्तंभावर असताना त्याने आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या हाती सोपवलं, ते योहान लिहितो. त्या घटकेला आई कुठे राहील, काय खाईल, हा प्रश्न त्याला क्षुल्लक वाटला नाही.

हा अध्याय मला जरा जास्तच पाठ आहे, आणि त्याचं कारण भूषणावह नाही. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमसमितीत मी होतो. मांडव, ध्वनिक्षेपक, नाटिका, दोनशे माणसांचं जेवण, सगळं माझ्या डोक्यावर, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं. आईच्या मोतीबिंदूची तपासणी मी त्या डिसेंबरात तीनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. रात्री प्रार्थनेच्या वेळी पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाली, "मार्काचा सातवा वाच. मला दिसत नाही." मी वाचला. अकराव्या ओवीपाशी, 'कुर्बान' शब्दावर, मला पुढे सरकता येईना. ती डोळे मिटून बसली होती, ओठ मात्र हसत होते.

नव्या करारात पुढे या शिकवणीला हिशेबी रूप येतं, आणि मला ते आवडतं. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमच्या मंडळीत कुरकुर सुरू होते ती रोजच्या वाटपात काही विधवांना डावललं जातं म्हणून. त्यावर प्रवचन होत नाही, सात माणसं नेमली जातात. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीचं वय साठ ठरवलं आहे, आणि मुलानातवंडांनी आधी स्वतःच्या घरातल्या म्हाताऱ्यांचे उपकार फेडावेत, मंडळीवर भार टाकू नये, असंही बजावलं आहे. त्याच तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये, होता असं दुसरं पत्र म्हणतं. सबंध नव्या करारात 'आजी' हा शब्द तेवढा एकदाच येतो. तीताच्या पत्रात वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं असं आहे, म्हणजे म्हाताऱ्यांना नुसतं सांभाळायचं नाही, त्यांच्याकडे कामही आहे.

मात्र शास्त्र म्हातारपणाला सोन्याचा मुलामा देत नाही. एली याजक म्हातारा झाला, पण पोरांना आवरू शकला नाही. ईयोबाच्या पुस्तकात तरुण एलीहू म्हाताऱ्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबतो आणि मग ठणकावतो की नुसत्या वयाने शहाणपण येत नाही. नामी मोआबातून कडवट होऊनच परत येते, तिच्यावर माया करणं सोपं नसणार, तरी सून रूथ तिला सोडत नाही. उलट बाजूला शलमोनाचा मुलगा रहबाम आहे. त्याने बापाच्या काळातल्या वडील मंडळींचा सल्ला टाकला, बरोबर वाढलेल्या पोरांचं ऐकलं आणि राज्याचे दोन तुकडे झाले.

या सगळ्यांत धायरीचा माणूस कोण असेल तर तो बर्जिल्लय. दुसऱ्या शमुवेलाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो भेटतो. वय ऐंशी. दावीद राजा पळापळीत होता तेव्हा याने त्याला आणि त्याच्या माणसांना जेवू घातलं होतं. राजा परत निघाला तेव्हा म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमला चल, मी तुला पोसतो. म्हाताऱ्याने नम्रपणे नकार दिला. आता जेवणाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, राजाला माझा भार कशाला? मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरीजवळ मरू दे. आपल्याऐवजी त्याने तरुण किम्हामला पाठवलं. आणि राजाने जबरदस्ती केली नाही, चुंबन घेऊन आशीर्वाद दिला. आम्ही आमच्या बर्जिल्लयांना विचारलंच नाही, गाडीत घालून थेट इथे आणलं. आईने मात्र गावाहून निघताना एकच अट घातली होती, मेल्यावर गावच्या कबरस्तानात न्यायचं.

मराठी ख्रिस्ती समाजात हा विषय आणखी एका कारणाने अवघड आहे. आमच्या इतिहासाचं पहिलं पान वडिलांना सोडण्याचं आहे. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. बापाने कोर्टात धाव घेतली, कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तो वाद गाजला. बाबा पदमनजींनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र 'अरुणोदय' वाचताना मला त्यांच्या युक्तिवादांपेक्षा घरच्या माणसांचं दुःखच अधिक लक्षात राहतं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पुष्कळदा वेगळं घडलं. महार-मांगांच्या वस्त्यांत कुटुंबंच्या कुटुंबं आली, आजोबांसकट आली. तिथे तुटलं ते गावकीचं नातं, घरातलं नव्हे. पांढरपेशा धर्मांतरितांनी आत्मचरित्रं लिहिली म्हणून समाजाची सगळी कहाणी तीच, असा समज होऊन बसला आहे, तो बरोबर नाही.

वडील सुटलेल्या माणसांनी मग मंडळीत वडील शोधले. ग्रीकमध्ये मंडळीच्या कारभाऱ्याला 'प्रेस्बुतेरोस' म्हणजे वयाने मोठा म्हणतात. मराठी बायबलने त्याला सरळ 'वडील' केलं. आमच्या सभेत पस्तिशीतला एक गडी 'वडील' आहे, आणि त्याच्या आईच्या वयाच्या बायका त्याला त्या नावाने हाक मारतात. बाहेरच्याला गंमत वाटते. आतल्याला कधीकधी अडचण होते, कारण पद आलं की वय ऐकेनासं होतं.

तरी मराठी साहित्यातलं वडीलधाऱ्या माणसाचं सगळ्यात जिवंत बोलणं याच समाजातून आलं. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या आणि 1900 साली स्वतःच्या निर्णयाने आल्या. 1919 मध्ये टिळक गेले. मुलगा देवदत्त यांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं, 1934 ते 1936 या काळात चार भागांत छापलं गेलं, तेव्हा लक्ष्मीबाई सदुसष्टीच्या आसपास होत्या. शाळा नाही, जोडाक्षरांशी भांडण, आणि तरी ते गद्य! त्यात वडीलधाऱ्यांची आरती नाही. मीठसुद्धा धुवायला लावणारे सोवळ्याने पछाडलेले वडील आहेत, जाचक सासरे आहेत, आणि त्यांच्याबद्दल लिहिताना बाईंचा सूर कडू होत नाही, खोटाही होत नाही. मान देणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या पुस्तकाने अधिक शिकवलं. टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे नेलं तेही याच वयस्क बाईंनी.

पंडिता रमाबाईंचं शिकणंही आईकडून झालं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, तिने मुलीला. ती मुलगी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात, उतारवयात, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसली. 1922 मध्ये त्या वारल्या, पूर्ण बायबल दोन वर्षांनी बाहेर पडलं.

जगात इतरत्र काय चाललं आहे? पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा आणि वृद्धांचा दिवस म्हणून सुरू केला. 26 जुलैला येशूच्या आजीआजोबांचा, योआकिम आणि अन्ना यांचा सण असतो, त्याच्या आसपासचा हा रविवार. फ्रान्सिस स्वतः आपल्या रोझा आजीचं नाव वारंवार घेत. फ्रान्समध्ये 1839 च्या हिवाळ्यात जान जुगान नावाच्या बाईने एका आंधळ्या म्हातारीला आपला पलंग दिला आणि स्वतः माळ्यावर झोपली. त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' हा संघ निघाला. पुण्यातही त्यांचं वृद्धांसाठी घर आहे. पण जानची पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. संघाच्या प्रमुख पुरोहिताने तिला बाजूला सारलं. शेवटची सत्तावीस वर्षं ती मठात नवख्या मुलींमध्ये राहिली आणि हीच संस्थापक आहे हे त्यातल्या पुष्कळ मुलींना माहीत नव्हतं. वृद्धांचा मान राखण्यासाठी काढलेल्या संस्थेत हे घडलं. 2009 मध्ये तिला संत म्हणून घोषित केलं.

कायद्याचं सांगायचं तर हिंदूंसाठी आईबापांच्या पोटगीची तरतूद 1956 च्या कायद्यात आली. ख्रिस्ती व्यक्तिगत कायद्यात तशी काही नव्हती. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 125 ने सर्वधर्मीय आईबापांना दार उघडलं आणि 2007 च्या कायद्याने न्यायाधिकरण आणलं. सीनायची आज्ञा एवढी जुनी, आणि आमच्या म्हाताऱ्यांना तिच्यासाठी जावं लागतं न्यायाधिकरणापुढे!

आईचं उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, डाव्याचं येत्या डिसेंबरात आहे, आणि यंदा मी नाताळच्या समितीत नाही. देवदत्तांचं उदाहरण डोक्यात ठेवून मी दोनशे पानी वही आणली. रोज रात्री जेवणानंतर ती सांगते, मी लिहितो. पुष्कळदा एकच गोष्ट तिसऱ्यांदा येते, तीही लिहितो, कारण तिसऱ्या वेळी एखादं नाव नवीन निघतं. सध्या आम्ही 1972 च्या दुष्काळापाशी आहोत. ती खडी फोडायला जात होती, मुकादम कोण होता ते सांगून झालं आहे. कामावर मिळणाऱ्या सुकडीची गोष्ट उद्या.